दिवा सोडणारा

१

ईश्वर सरवदेचा चष्मा टाकीच्या शिडीला टांगलेला होता. चपला शिडीच्या पायथ्याशी जोडीनं ठेवल्या होत्या. आणि ईश्वर बारा फूट खाली, द्राक्षांच्या ओल्या चोथ्यात पालथा पडला होता.

रविवारी संध्याकाळी फौजदार समरा बागवान पोचली, तोवर अग्निशमन दलाच्या माणसांनी तोंडाला नळ्या लावून त्याला वर काढलं होतं. सोलापूर-बार्शी रस्त्यावर, वैरागच्या अलीकडं ही काळीमाती वायनरी. पुढं काचेच्या भिंतींची चाखणीची खोली, मागं पत्र्याची शेड आणि शेडमध्ये स्टीलच्या चार उंच टाक्या. रसाची वाइन होताना जो वायू सुटतो तो हवेहून जड, त्याला रंग नाही. वाइन काढून घेतली तरी तो टाकीच्या तळाशी दबा धरून बसतो. माणूस दोन श्वासांत खाली बसतो आणि पुन्हा उठत नाही.

"दारू प्यायला होता, मॅडम," मालक सोमशेखर अण्णा म्हणाले. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, डोळ्याला जाड भिंगांचा चष्मा, आणि बोलण्यात घाई. "कामावर असताना प्यायचा, एकटाच टाकीवर चढला, तोल गेला. हा बघा पुरावा."

टाकीच्या तोंडाशी लोखंडी माची होती. तिच्यावर लांब दांडीचा एक नाजूक काचेचा प्याला होता आणि त्यात दोन बोटं लाल वाइन. समरानं तो वाकून पाहिला, मग चष्मा पाहिला, मग चपला पाहिल्या. बागवानाची मुलगी ती. बापानं तीस वर्षं सोलापूरच्या मंडईत द्राक्षं विकली. घडातला कुजका मणी नेमका ओळखायची सवय तिला तिथं लागली होती, आणि तोल गेलेला माणूस पडण्याआधी चपला जोडीनं काढत नाही, एवढं कळायला फौजदार असावं लागत नाही.

शेडच्या दाराशी एक दाढीवाला माणूस उकिडवा बसला होता. कासीम, टाक्यांवरचा दुसरा कामगार. बार्शीहून द्राक्षांचे क्रेट घेऊन सहाला परतला आणि मढं त्यालाच दिसलं.

"मॅडम," तो वर न बघताच म्हणाला, "आठ वर्षं संगं काम केलं. ईश्वरभाऊनं एक घोट गिळला न्हाई कधी."

२

सोमवारी दुपारी अंत्यविधी उरकल्यावर समरा वैरागला ईश्वरच्या घरी गेली. दोन खोल्यांचं पत्र्याचं घर. बुद्धाच्या मूर्तीशेजारी ईश्वरचा फोटो मांडला होता. समोर काचेच्या बरणीत एक दिवा लुकलुकत होता. पंखा भरधाव फिरत होता, तरी ज्योत विझत नव्हती.

"बॅटरीचा हाय," ईश्वरची बायको चांगुणा म्हणाली. "भाच्यानं आणला, सिद्धांतनं. वाऱ्यानं विझत न्हाय म्हनला, मामी. लई करतोय वो लेकरू. कालपासनं हितंच हाय, आत्ताच कामावर गेलंय."

सिद्धांत शिवशरण म्हणजे ईश्वरच्या बहिणीचा मुलगा. तिशी ओलांडलेला, शिकलेला, वायनरीचा व्यवस्थापक. त्याला तिथं चिकटवला होता तो मामानंच.

चांगुणा रडत नव्हती. रडणं सकाळीच संपलं असावं. आता तिच्या डोळ्यांत नुसती आग होती.

"मॅडम, माझा सासरा दारूनं गेला. ह्यांनी पंधराव्या वर्षी पंचशील घेतलं, ते मरस्तवर पाळलं. कामावर चव बघायला वाइन तोंडात घ्यायची, खुळखुळायची, चूळ टाकल्यागत टाकायची. लोक हसायचे. आता आख्खं गाव म्हनतंय, बापासारकाच गेला. माझी पोरगी कालिजात जाती. तिनं काय म्हनून तोंड दाखवायचं?" तिनं समराचा हात घट्ट धरला. "मला पैका नको. माझा मानूस प्यायला नव्हता एवढं कागदावर लिवून द्या."

"लिहीन. पण सिद्ध व्हायला हवं." समरानं विचारलं, "ते आत उतरायच्या आधी काही बघायचे का? काही पद्धत?"

"बघायचे की! सासरा हिरी खांदायचा. जुन्या हिरीत उतरायच्या आदी दिवा सोडायचा. दिवा जगला तर मानूस जगंल. ह्यांनी तीच रीत टाकीवर आणली." चांगुणानं आवाज खाली आणला. "पन एक हाय. उतरनारानं सोता दिवा सोडायचा न्हाय. घाईत, कट्टाळ्यात मानूस सोताशी खोटं बोलतं. म्हनून वर थांबनारानं दिवा सोडायचा, त्यानंच सांगायचं. त्याच्या शब्दावर उतरायचं. ह्यांनी ह्यो नेम कदी मोडला न्हाय."



ईश्वर एकटा नव्हता, तर. माचीवर कुणीतरी उभं होतं.

३

"दिवा मीच सोडायचो," कासीम म्हणाला. सोमवारी संध्याकाळी तो आणि समरा माचीवर उभे होते. "पन काल मी बार्शीला. चारला सायराबानूचा फोन आला, बायकोचा, तवा शेतकऱ्याच्या शेडात क्रेट भरत होतो. इचारा त्याला."

समरानं आधीच विचारलं होतं. शेतकरी, त्याचे दोन गडी आणि वजनकाट्यावरचा माणूस, चौघांनीही कासीमला साडेपाचपर्यंत पाहिलं होतं.

"तुमच्याशिवाय ते का उतरले?"

"आज पहाटं नवी द्राक्षं भरायची होती, टाकी रिकामी पायजे होती. सकाळी पंखा लावला होता आत हवा घालायला. पुरला का न्हाई ते दिवाच सांगनार."

दिवा माचीच्या कोपऱ्यात होता. काचेची बरणी, गळ्याला तार, तारेला लांब सुतळी, आत मेणबत्ती. समरानं ती बरणी उचलली. मेणबत्तीची वात टोकाला जेमतेम काळी होती. मेण मात्र कोरं, कडा धारदार.

"मेणबत्ती कधी बसवली?"

"शनिवारी सांजच्याला मीच बसवली, नवी. पुडा त्यो काय तितं."

"दिवा किती वेळ खाली ठेवायचा?"

"तीनशे आकडे मोजायचे. भाऊ तर आनिक पन्नास मोजायचे."

समरानं पुड्यातली दुसरी मेणबत्ती पेटवली आणि घड्याळ लावलं. पाच मिनिटांनी वातीभोवती मेणाचं तळं साचलं होतं, कडा वितळून गोल झाल्या होत्या. तिनं दोन्ही मेणबत्त्या शेजारी धरल्या. लहान पोरालाही फरक कळला असता.

मग तिनं पेटती मेणबत्ती बरणीत ठेवून सुतळीनं टाकीत सोडली. चोथा अजून तसाच होता. आठ फुटांवर ज्योत निळसर झाली, आखडली आणि गेली. कासीमनं तोंड फिरवलं.

"कालचा हा दिवा पेटून लगेच विझला," समरा हळूच म्हणाली. "आणि विझलेल्या दिव्यावर ईश्वर उतरला नसता."

"न्हाई. मान कापली तरी न्हाई."

"म्हणजे तो दुसराच कुठला तरी दिवा बघून उतरला."

कासीमला बोलणं कळलं नाही. समरालाही अजून पुरतं कळलं नव्हतं. खाली उतरताना तिनं विचारलं, "आणि तो वाइनचा प्याला?"

"तेच तर काल ओरडून सांगत हुतो, ऐकतंय कोन! टाकीवर काच न्यायला बंदी. एकदा प्याला फुटला, आख्खी टाकी गटारात वतली. तवापासनं आमी स्टीलचा पेला वापरतो. भाऊनंच बंदी घातली. बरणी तेवढी चालती, तारंला बांधून."

४

मंगळवारी सकाळी ती चाखणीच्या खोलीत गेली. पॉलिश केलेली लाकडी टेबलं, भिंतीवर पदकं, मधोमध थुंकायचं पितळी भांडं. सोमशेखर अण्णा गल्ल्यामागं अंग चोरून बसले होते. झाकली मूठ सव्वा लाखाची, असा त्यांचा चेहरा होता.

सिद्धांत मात्र मोकळा होता. पांढरा शर्ट, डोळे सुजलेले. त्यानं सवयीनं समरासमोर प्याला ठेवला, तिनं मानेनं नकार दिला.

"मी पीत नाही. वास घेईन."

"मामाही पीत नव्हते," तो म्हणाला आणि मग एकदम सावरला. "म्हणजे आम्हाला तसं वाटायचं. शेवटी शेवटी चोरून घेत असावेत. इतकी वर्षं रोज जिभेवर ठेवायची आणि थुंकायची, मॅडम. माणूसच आहे."

"तुम्ही परवा दुपारी, म्हणजे रविवारी, कुठं होता?"

"इथंच. चार ते साडेपाच, जुळे सोलापूरचे पाहुणे होते. यशपाल सर बँकेत आहेत आणि राजश्री मॅडम. महिन्यातून एखाद्या रविवारी एका वायनरीत जातात. पाच वाइन चाखवल्या त्यांना. विचारा."

समरा टेबलांवरून नजर फिरवत होती. प्रत्येक टेबलावर काचेची छोटी बरणी आणि बरणीत लुकलुकती ज्योत. भर सकाळी, पंखे चालू असताना.

तिनं एक बरणी हातात घेतली. काच थंड होती. आत प्लास्टिकची मेणबत्ती, बुडाला बटण. कासीमच्या दिव्याचीच बरणी, त्याच मापाची.

"ह्या बरण्या कुठून आणता?"

"लोणच्याच्या बरण्या, बार्शीहून घाऊक आणतो," सोमशेखर अण्णा म्हणाले. "मागं टाकीवर पण त्याच वापरतात. का हो?"

 सिद्धांत पुसलेलाच प्याला पुन्हा पुसत होता.

५

जुळे सोलापुरातल्या फ्लॅटमध्ये राजश्रीबाईंनी चहा टाकला आणि कपाटातून एक जाड वही काढली. त्यांचे पती यशपाल कानकोंडे होऊन बसले. वाइन पितो हे शेजारी कळू नये, आणि आता तर दारात पोलीस.

"हसू नका बरं का," राजश्रीबाई म्हणाल्या. "तीन वर्षांत एकतीस चाखणी-खोल्या पाहिल्या आम्ही. मी सगळं लिहिते. रंग, वास, चव, स्वच्छता, वागणूक. दहापैकी गुण देते."

"शाळेत असतीस तर पोरांनी शाळा सोडली असती," यशपाल पुटपुटले.

रविवारचं पान सुवाच्य अक्षरात भरलेलं होतं. समरानं वाचलं.

'४.०५. पहिली, पांढरी. पेरूचा वास. छान. ४.१५. दुसरी, गुलाबी. बरी. यजमान (सिद्धांत) अस्वस्थ. ४.२० ते ४.४५. यजमान गायब! पुढची बाटली आणतो म्हणून गेला. आमच्या टेबलावर दिवा नाही, बाकी सर्व टेबलांवर आहे. दोन गुण कापले.'

समरा खुर्चीत पुढं सरकली. "दिवा नव्हता? आधीपासून?"

"आम्ही बसलो तेव्हा होता. बाटली आणायला जाताना त्यानं उचलून नेला. म्हणाला, बॅटरी संपत आलीय, बदलतो. परत आला तेव्हा घेऊन आला. पण बरणी चिकट होती हो. माझ्या बोटांना जांभळं लागलं. ते बघा पानावर डाग."

पानाच्या कडेला खरंच बोटाचा जांभळा ठसा होता. समरानं त्याच्याखालची ओळ वाचली.

'४.५०. तिसरी, लाल. हिचीच फार स्तुती, वैरागच्या मातीतली म्हणे, बाटलीवर याच यजमानाचं नाव. पण हीच चव गेल्या महिन्यात दुसऱ्या जिल्ह्यातल्या वायनरीत घेतली, तिथं टँकरनं सुटी विकतात, निम्म्या किमतीला. शंका पक्की.'

"तुम्ही हे त्याला बोलून दाखवलंत?"

"त्याला नाही. ती लाल आम्ही आधी एकदा घरी आणली होती, तेव्हापासून मनात होतं. आत शिरताना दारात ते चष्मेवाले काका भेटले, ईश्वर. त्यांना विचारलं, ती लाल तुमचीच का हो? त्यांनी आधी चष्मा पुसला. मग म्हणाले, ताई, मंगळवारी हॉटेलवाले मोठे पाहुणे येणार आहेत, त्यांच्यासमोर मी काय ते खरं सांगणार आहे." राजश्रीबाईंचा आवाज बारीक झाला. "तेव्हा तो सिद्धांत आमच्या मागंच उभा होता. माझ्या प्रश्नानं काही झालं नाही ना, मॅडम?"

 समरानं चहाचा कप उचलला आणि तसाच खाली ठेवला.

६

बुधवारी सकाळी तिनं सगळ्यांना टाकीपाशी बोलावलं. सोमशेखर अण्णा आले, कासीम आला, सिद्धांत आला. चांगुणाला तिनं गाडी पाठवून आणवलं. हॉटेलवाल्यांची भेट केव्हाच रद्द झाली होती.

"अण्णा, वर या. चष्मा काढून शिडीला अडकवा."

"चष्मा कशाला?"

"टाकीत वाफेनं काच धूसर होते, म्हणून ईश्वर उतरण्याआधी चष्मा काढायचा. तसाच काढा."

अण्णांनी काढला. समरानं आधीच दोन बरण्या शेजारच्या धुतलेल्या, कोरड्या टाकीत तळाशी सोडून ठेवल्या होत्या. एकीत पेटती मेणबत्ती, एकीत बॅटरीची.

"खाली बघा. खरा दिवा कुठला?"

अण्णा वाकले, डोळे बारीक केले. दोन पिवळे ठिपके लुकलुकत होते. "दोन्ही खरेच दिसतात," ते म्हणाले, आणि म्हणता म्हणता त्यांचा चेहरा उतरला.

समरा खाली आली. "माचीवरच्या दिव्याची मेणबत्ती अर्धं मिनिटसुद्धा जळली नव्हती. कुणीतरी आधी खरा दिवा सोडून पाहिला. तो विझला. आत मरण आहे हे त्याला पक्कं कळलं. मग त्यानं ईश्वरला बोलावलं आणि त्याच्यासमोर दुसरा दिवा सोडला, जो कधीच विझत नाही. तीनशे आकडे मोजले तरी नाही, हजार मोजले तरी नाही. दारू प्यायला असं वाटावं म्हणून चाखणीच्या खोलीतला प्याला ठेवला. टाकीवर काच चालत नाही हे घाईत विसरला. आणि बरणी पाहुण्यांच्या टेबलावर परत नेऊन ठेवली."

तिनं पिशवीतून त्याच टेबलावरून जप्त केलेली बरणी काढली. बुडाच्या बटणाच्या खाचेत जांभळा चोथा वाळून बसला होता, आणि बरणीच्या गळ्याला सुतळीचा धागा चिकटला होता.

"चार वीस ते चार पंचेचाळीस, सिद्धांत. राजश्रीबाईंनी दोन गुण कापले आहेत."

सिद्धांतनं आधी मालकाकडं पाहिलं. अण्णांनी हात वर केले. "बाहेरच्या वाइनचा टँकर आला ते मला माहीत होतं. ती आपल्या बाटल्यांत का भरतोस, हे मी कधी विचारलं नाही. पण हे नाही हो, हे नाही!"

"अण्णा, तुम्ही कधीच काही विचारलं नाहीत," सिद्धांत म्हणाला. त्याचा आवाज कोरडा होता. "बाटलीवर माझं नाव होतं. पदक होतं. मामा म्हणाले, जिभेवर ठेवून मी खोटं सांगणार नाही. मी पाया पडलो त्यांच्या. म्हणाले, नाव काय, पुन्हा कमावशील."

  तेवढ्यात चांगुणा उठली आणि भाच्याच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली. तिनं हात उगारला नाही.

"वरनं काय म्हनलास त्येस्नी?"

"मामी..."

"दिवा सोडल्यावर काय म्हनलास? मला तेवडंच ऐकायचं हाय."

सिद्धांतची मान खाली गेली. "म्हटलं, मामा, दिवा जळतोय. उतरा." मग आणखी खालच्या आवाजात, "ते म्हणाले, तू हायस म्हनल्यावर काळजी न्हाय."

चांगुणाच्या तोंडून जो आवाज निघाला, तसा आवाज समरानं नोकरीच्या अकरा वर्षांत ऐकला नव्हता.

७

दोन दिवसांनी समरा कागद घेऊन वैरागला गेली. तपास अजून चालू होता, व्हिसेराचा अहवाल यायला महिने लागणार होते. पण तिनं तपासाच्या टिपणाची प्रत आणली होती आणि तिच्यातल्या दोन ओळी तिला स्वतः वाचून दाखवायच्या होत्या.

"मयत ईश्वर सरवदे हे नशेत असल्याचा कोणताही पुरावा नाही. आत उतरण्यापूर्वी त्यांनी सर्व नेम पाळले होते."

"आनिक एकदा वाचा," चांगुणा म्हणाली. समरानं वाचलं. दारात उभ्या मुलीनं ओढणी डोळ्यांना लावली.

चांगुणानं कागद घडी घालून बुद्धाच्या मूर्तीखाली ठेवला. मग तिची नजर फोटोसमोरच्या बरणीवर गेली. पाच दिवस झाले होते, दिवा अजून तसाच लुकलुकत होता. तिनं बरणी उचलली, उलटी केली, बटण दाबलं आणि ती दाराबाहेर नेऊन ठेवली.

"नाव मिळालं, मॅडम," ती म्हणाली. "पन नणंदेला काय तोंड दावू? तिचा एकुलता हाय त्यो."

 याचं उत्तर तपासात येत नाही.

चांगुणानं कपाटातून साधी मेणबत्ती काढली, काडी ओढली आणि फोटोसमोर लावली. मुलीनं उठून पंखा बंद केला. उकाडा होता, दार उघडं होतं, बाहेरून वारा येत होता. ज्योत आडवी व्हायची, आखडायची, पुन्हा उभी राहायची. चांगुणा तिच्याजवळ बसून राहिली, आणि वारा आला की दोन्ही हातांचा आडोसा करत राहिली.